मोपा ते दाबोळी: अंतर, वेळ आणि सारखे सारखे येणारे प्रश्न

आम्ही म्हापशाला राहतो, म्हणजे गोव्याच्या मोपा आणि दाबोळी या दोन विमानतळांमधल्या हायवेलाच चिकटून म्हणा ना. त्यामुळे पुणे, मुंबई, सावंतवाडी, सगळीकडच्या नातेवाइकांचं आणि त्यांच्या ऑफिसातल्या लोकांचं चौकशी केंद्र आमच्या घरात उघडलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, कधी रात्री साडेअकराला, आणि विमान सकाळी सहाचं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा नंबर दिलाय, तिकडे जा.

1. गोव्यात खरंच दोन विमानतळ आहेत, की एकाचीच दोन नावं?

खरंच दोन. दाबोळी जुना, दक्षिण गोव्यात, वास्कोच्या अलीकडे. पोर्तुगीजांनी 1955 च्या सुमारास सुरू केलेला, आणि 1961 नंतर नौदलाकडे गेलेला. आजही धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसा तळाची, आणि प्रवाशांची टर्मिनल बिल्डिंग तेवढी एअरपोर्ट अथॉरिटीकडे. म्हणूनच तिथे फोटो काढायला गेलात की कोणीतरी ओरडतं, ते उगाच ओरडत नाहीत, तो लष्करी तळ आहे.

मोपा नवा. पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीपासून अगदी जवळ, सड्यावर, म्हणजे पठारावर. उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली. अधिकृत नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मनोहर पर्रीकरांच्या नावावरून. बोलताना मात्र सगळे मोपाच म्हणतात, टॅक्सीवाल्याला 'मनोहर विमानतळ' म्हणालात तर तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग म्हणेल, मोपा ना?

2. दोघांमध्ये अंतर किती?

रस्त्याने साधारण 60 ते 65 किलोमीटर. सरळ रेषेत मोजलं तर 40 च्या आसपास, पण सरळ रेषेत जायला आपण कावळे नाही. मध्ये शापोरा, मांडवी, झुआरी अशा तीन नद्या आडव्या येतात आणि तुम्हाला पूल असेल तिथूनच जावं लागतं.

तुकडे असे पडतात: मोपाहून धारगळच्या सुकेकुळणपर्यंत खास जोडरस्ता, सात किलोमीटरच्या आसपास. तिथून हायवे 66 ने कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, 12-13. म्हापसा ते पणजी 13. पणजीच्या बाहेरून मेरशी, बांबोळी, आगशी करत झुआरी पूल ओलांडून कुठ्ठाळी, 17-18. मग उजवीकडे वळून सांकवाळ, झुआरीनगर, दाबोळी, आणखी बारा.

3. मग वेळ किती धरायचा? मॅप तर दीड तास दाखवतो.

मॅप खोटं बोलत नाही, पण तो आत्ताचं सांगतो, तुम्ही निघणार त्या वेळचं नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटे पाचला मी सव्वा तासात गेलोय. दुपारी बारा ते चार दीड तास, फार तर पावणेदोन. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हे दोन तुकडे वाईट, तेव्हा दोन तास धरा आणि अडीच लागले तर मला फोन करू नका.

वेळ खातो कोण, तर पर्वरी. बाकीचा रस्ता आता खरंच बरा आहे, जोडरस्ता 2024 पासून चालू आहे, झुआरीचा नवा पूलही दोन्ही बाजूंनी चालू झालाय (एक बाजू डिसेंबर 2022, दुसरी डिसेंबर 2023). जुन्या एकट्या झुआरी पुलावर गाड्या तासभर उभ्या राहायच्या ते दिवस गेले. पण म्हापसा ते मांडवी पूल या पट्ट्यात पर्वरीला पाचेक किलोमीटरच्या उन्नत मार्गाचं काम निघालं, डायव्हर्जन आले, आणि झुआरीवर वाचलेली सगळी मिनिटं पर्वरीने परत घेतली. म्हणून मला कोणी 'किती किलोमीटर' विचारलं की मी उलट विचारतो, किती वाजता निघणार?

4. माझ्या तिकिटावर नुसतं 'गोवा' लिहिलंय. कुठला धरू?

शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरांचा कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. काही साइटवर मोपाला 'नॉर्थ गोवा' म्हणतात, काहींवर दोन्हीला 'गोवा'च. बुकिंग करतानाही 'गोवा, सगळे विमानतळ' असं निवडलं जातं आणि स्वस्तातलं पहिलं विमान आपण दाबतो, जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं सहज होतं. इंडिगोसारख्या कंपन्यांची विमानं दोन्हीकडून उडतात, त्यामुळे कंपनीच्या नावावरून काही कळत नाही.

जाताना आणि येताना दोन्ही कोड वेगवेगळे बघा. आणि मॅपमध्ये 'गोवा एअरपोर्ट' टाकू नका, 'दाबोळी' किंवा 'मोपा' असंच टाका.

5. चुकून दुसऱ्याच विमानतळावर पोचलो तर? असं खरंच होतं का लोकांचं?

आमच्याच घरात झालंय. पुण्याचे काका-मावशी आठ दिवस राहून निघाले, येताना मोपाला उतरले होते म्हणून जाताना मोपालाच, यात शंका घ्यावी असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. मीच सोडायला गेलो. काकांनी दारावरच्या जवानाला फोनवरचं तिकीट दाखवलं, त्याने बोटाने स्क्रीन जरा मोठी केली, परत बघितली, आणि म्हणाला, 'अंकल, ये तो दाबोलिम का है.' मावशीच्या हातात काजूच्या पिशव्या, काका माझ्याकडे बघतायत, मी घड्याळाकडे. विमानाला एक तास पन्नास मिनिटं होती. गाडी फिरवली, पर्वरीला अडकलो, दाबोळीच्या काउंटरला पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, काउंटर बंद होऊन चाळीस मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशीची दोन नवी तिकिटं काढली. काजू आम्ही रात्री तिथेच फोडले.

तर हिशोब असा: चूक लक्षात आली तेव्हा विमानाला साडेतीन तास असतील तर ताबडतोब निघा, मिळेल. तीन असतील तर रस्ता रिकामा असेल तरच. त्याहून कमी असेल तर पळापळ करण्याआधी कंपनीला फोन लावा किंवा तिथल्याच त्यांच्या काउंटरला जा आणि विचारा की विमान सुटायच्या आधीच तिकीट बदलून मिळतंय का, मोपाहून त्यांचं नंतरचं विमान असेल तर त्यावर. सुटण्याआधी बदललं तर बदलाचा चार्ज भरून सुटता. नो-शो झालात, म्हणजे विमानाला पोचलाच नाहीत, की तिकिटाचे जवळजवळ सगळे पैसे गेले. आम्ही हे केलं नाही, कारण गाडीत बसून पळणं जास्त सोपं वाटलं.

6. दोन विमानतळांमध्ये विमान किंवा खास शटल आहे का?

विमान नाही. एवढ्या अंतरात विमान वर चढेपर्यंत उतरायची वेळ होईल. मोठ्या शहरात दोन टर्मिनलमध्ये फुकट बस असते तसलंही काही समजू नका, ही दोन टर्मिनलं नाहीत, दोन जिल्हे आहेत. पर्याय टॅक्सी (7), बस (8), आणि हौस असेल तर रेल्वे (9).

7. टॅक्सीचं काय? ओला-उबर मिळेल?

गोव्यात ओला-उबर चालत नाही, अ‍ॅप उघडून उभे राहू नका. गोवामाइल्स अ‍ॅप चालतं, आणि दोन्ही विमानतळांवर आगमनाच्या बाहेर प्रीपेड काउंटर आहेत. मोपा ते दाबोळी अडीच हजाराच्या आसपास किंवा वर धरा, रात्रीचे जास्त. दर बदलत राहतात, म्हणून बसायच्या आधी पावती हातात घ्या.

वयस्कर माणसं आणि चार बॅगा असतील तर उगाच बस शोधत बसू नका, सरळ टॅक्सी करा. आणि ड्रायव्हरला बसल्या बसल्या सांगा 'दाबोळी एअरपोर्ट, वास्को'. नुसतं एअरपोर्ट म्हणालात तर मोपाच्या ड्रायव्हरला वाटतं तुम्ही आत्ताच तिथून आलात, आता कुठे?

8. स्वस्तात बसने जाता येईल?

येईल, वेळ असेल तर. मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, एअरपोर्ट बस निघतात, त्यातली पणजीची पकडा. पणजी स्टँडवर वास्कोची नॉन-स्टॉप शटल असते, तिकीट खाली खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं, गाडी भरली की सुटते. पण नॉन-स्टॉप म्हणजे वाटेत थांबेलच असं नाही, ती तुम्हाला वास्कोला नेऊन सोडेल आणि मग तिथून चार-पाच किलोमीटर मागे यावं लागेल. खाजगी साध्या बसने गेलात तर ती दाबोळीच्या सर्कलला थांबते, पण मग त्या आधीच्या प्रत्येक ठिकाणीही थांबते.

एकूण तीन तास, वाट बघायचा वेळ धरून साडेतीन. पाठीवर एक सॅक असलेल्या माणसासाठी ठीक. रात्री उशिरा या भानगडीत पडू नका.

9. कोकण रेल्वेने जमेल का?

नकाशावर जमतं. पेडणे स्टेशनवरून मडगाव, मडगावहून वास्को लाइनची गाडी. वास्को लाइनवर दाबोळी नावाचं छोटं स्टेशनसुद्धा आहे. पण तिथे मोजक्या गाड्या थांबतात, आणि मडगावला गाडी बदलताना तासभर सहज जातो, वर कोकण रेल्वे वेळेवर असेल हे गृहीत धरायचं. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून सगळी लाइनच थांबली होती. विमान पकडायचं असेल तर नको.

रेल्वेचा खरा उपयोग वेगळा आहे. मुंबईहून येऊन मोपाचं विमान पकडायचं असेल तर मडगावपर्यंत जाऊ नका, थिवीला उतरा. वंदे भारत थिवीला थांबते, तिथून टॅक्सीने मोपा अर्धा-पाऊण तास. दाबोळीसाठी मात्र मडगावच.

10. एकाच दिवशी मोपाला उतरून दाबोळीहून दुसरं विमान पकडायचंय. मध्ये किती तास ठेवू?

पाच तास कमीत कमी, डिसेंबरमध्ये सहा. कसे ते मोजून दाखवतो: विमान टेकल्यापासून बॅग हातात येईपर्यंत पाऊण तास, टॅक्सी मिळेपर्यंत पंधरा मिनिटं, रस्ता दोन तास, आणि सुटायच्या आधी दोन तास पोचायचं. झाले पाच. यात पहिलं विमान अर्धा तास लेट झालं तर काय, याची सोय अजून केलेलीच नाही. परदेशी जाणारं असेल तर आणखी एक तास टाका.

हातातलीच बॅग असेल आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर चार तासात लोक जातात. मी स्वतः सांगणार नाही.

11. दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची आहेत, मग बॅग आपोआप पुढे जाईल ना?

नाही. बॅग पहिल्या विमानतळावरच पट्ट्यावर येते, तुम्हीच उचलायची आणि तुम्हीच न्यायची. आणि दोन वेगळे पीएनआर असतील तर पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं, यात कंपनी जबाबदारी घेत नाही, दोन्ही विमानं तिचीच असली तरी. तिच्या हिशोबाने ते दोन वेगळे प्रवास.

12. कुठले दिवस टाळू?

शुक्रवार सकाळ, कारण म्हापशाचा बाजार. बाहेरचे लोक हे कधीच धरत नाहीत. बार्देश-पेडण्याची निम्मी माणसं सुकी मासळी, चोरीस (गोव्याचे सॉसेज), लोणच्याची भांडी घ्यायला शहरात आलेली असतात आणि हायवेच्या फाट्यांवर गाड्या तुंबतात. बाकी 20 डिसेंबर ते 2 जानेवारी, कार्निव्हलचा वीकेंड, आणि कुठलाही लाँग वीकेंड, विशेषतः रविवारी संध्याकाळी.

पावसाळ्यात गर्दी कमी, पण जुलैचा मुसळधार आला की पर्वरीला पाणी आणि खड्डे एकत्र, तेव्हा अर्धा तास जादा. विमानांचं पावसातलं वेगळंच, ते 14 मध्ये.

13. पर्वरी पूर्ण टाळता येते का?

येते, पण फायदा क्वचित. अस्नोडा-डिचोलीकडून आत वळायचं, अमोणे-खांडोळा पूल, बाणस्तारी, जुनं गोवं, मग बांबोळीला परत हायवे. किंवा आणखी लांबून साखळी-फोंडा-बोरी पूल करत वेर्णा. रस्ते अरुंद, वळणाचे, पण दिसायला सुंदर, माडांच्या आणि शेतांच्या मधून. पर्वरीला अपघात होऊन सगळं ठप्प असेल तरच हे करा. नेहमीच्या गर्दीत हायवेवर रांगत गेलेलंच लवकर पोचतं, मी दोन्ही करून बघितलंय.

14. विमान मोपाचं होतं, वैमानिकाने दाबोळीला उतरवलं. आता माझी गाडी मोपाच्या पार्किंगला आहे!

होतं असं. मोपा सड्यावर उंचावर आहे, पावसाळ्यात ढग खाली टेकतात, दिसत नाही, मग दुसरीकडे वळवतात, कधी दाबोळी, कधी थेट बेंगळुरू किंवा हैदराबाद. उलटंही होतं. दाबोळीची धावपट्टी एकच आणि ती नौदलाचीही. जून 2019 मध्ये मिग-29के ची इंधनाची टाकी धावपट्टीवर पडली आणि विमानतळ काही तास बंद होता. तेव्हा मोपा नव्हता, आता असलं काही झालं तर दुसरा पर्याय शेजारीच आहे.

विमानातून लगेच बाहेर पडायची घाई करू नका. बऱ्याचदा हवा सुधारली की तेच विमान परत मूळ ठिकाणी नेतात. नेणार नाहीत असं नक्की झालं तर पोचवायची जबाबदारी कंपनीची, बस कधी आणि कुठून हे स्टाफला विचारा. स्वतःहून टॅक्सी करून निघालात तर पैसे परत मिळणं कठीण, म्हणून आधी विचारा, मग निघा. घरून कोणी न्यायला येणार असेल तर त्याला म्हापशालाच थांबवा. तिथून तो दोन्हीकडे जाऊ शकतो, आमच्याकडे चहा पिऊन.

15. कंपनीने मेसेज पाठवून माझं विमानच दाबोळीहून मोपाला हलवलं. ऐकायलाच लागेल का?

असं बऱ्याच जणांचं झालंय, कतार एअरवेजनेही 2024 मध्ये दाबोळी सोडून मोपा धरलं. तुम्ही बदल केलेला नाही, त्यांनी केलाय, म्हणून जादा पैसे न भरता दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागा, आणि लेखी मागा. काणकोणला राहणाऱ्या माणसाला मोपा म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर पडतं, एवढं एक वाक्य मेलमध्ये टाकलंत तरी पुरे. प्रवासाच्या आदल्या दिवशी बुकिंगचा स्पॅम फोल्डरही बघा, असले मेल तिथेच जाऊन बसतात.

16. भाड्याची गाडी किंवा स्कूटर घेऊन जाऊ का?

गाडी घेतली तर परत कुठे द्यायची ते आधी ठरवा, मोपाला घेऊन दाबोळीला सोडायचे बरेचजण वेगळे पैसे लावतात. नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तीच घ्या, पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेतलीत आणि पोलिसांनी अडवलं तर विमानाचं विसरा.

स्कूटरवर 65 किलोमीटर, पायात बॅग, हायवेवर ट्रक. नको. तरी जाणारच असाल तर लक्षात ठेवा, मांडवीवरच्या उंच अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, खालच्या जुन्या पुलांवरून जा.

17. आम्ही सावंतवाडी-कुडाळचे. आम्हाला कुठला जवळ? आणि चिपीचं काय?

सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना मोपा, प्रश्नच नाही. बांदा, पत्रादेवी, धारगळ आणि वर, सावंतवाडीहून पाऊण ते एक तास. दाबोळी त्याच्या दुपटीहून जास्त.

चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले होते. कुडाळ, वेंगुर्ला, मालवणवाल्यांना अंतराने तोच सोयीचा. पण तिथली विमानं थोडी आणि कधी चालू कधी बंद, म्हणून आधी वेळापत्रक बघा, मग आनंद करा. चिपी ते मोपा रस्त्याने दीड-पावणेदोन तास, त्यामुळे चिपीचं रद्द झालं तर मोपा गाठता येतो. दाबोळीचा विचार करू नका.

18. मुक्काम ठरलाय, तिकीट काढायचंय. कुठला निवडू?

हरमल, मांद्रे, मोरजी, आश्वे: मोपा. कळंगुट-बागा: मोपा जरा जवळ. पणजी: जवळजवळ सारखंच, स्वस्त तिकीट घ्या. कोलवा, बाणावली, पाळोळे, काणकोण: दाबोळी, आणि मोपाचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं तरी दाबोळीच, कारण ते हजार आणि वर आणखी दोन टॅक्सीला जातील.

दाबोळी बंद होणार का, हेही याच प्रश्नात विचारतात. दोन्ही चालू राहतील असं सरकार वारंवार सांगत आलंय.

19. मोपाहून दाबोळीला जाताना वाटेत जेवायला कुठे थांबू?

हातात चार तास असतील तर म्हापशाला आत या. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत साध्या हॉटेलात पातळ भाजी आणि उंडो (गोल पाव), वर मिरची भजी आणि कडक चहा, वीस मिनिटांत मोकळे. मासे खायचे असतील तर बारा वाजता बसा, एकनंतर टेबल मिळत नाही आणि इसवण (सुरमई) संपलेला असतो. पर्वरी ओलांडल्यावर मग कुठेही थांबू नका, पाणी सुद्धा गाडीतच प्या.